सत्तेचाळिसाव्या वर्षी पडायला शिकले

१८ फेब्रुवारी. सकाळपासून केमच्या, माझ्या माहेरच्या गावातल्या, घरातली भांडी पोत्यात भरत होते. पितळेची एका पोत्यात, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दुसऱ्यात, आणि सोलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत मावणार नाहीत ती शेजारच्या जनाकाकूंना. आण्णा, म्हणजे माझे वडील, दारातल्या बाजेवर बसून बघत होते. सगळी नोकरी रेल्वेत गँगमन म्हणून रुळांवर काढलेला माणूस, वय एकोणऐंशी. त्यांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. एकदाच म्हणाले, "त्यो तवा ऱ्हाऊ दे की भाईर. गाडी उद्याची हाय. सांजच्याला भाकरी कशावर करशील?"

मी तवा बाहेर काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना कायमचं सोलापूरला न्यायचं होतं. दोन वर्षं मी त्यासाठी त्यांच्याशी भांडत होते आणि शेवटी ते हो म्हणाले होते. ते हो कसं म्हणाले, ते सांगायला हे लिहिते आहे. केमला राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखी जी माणसं आईवडलांना मागे ठेवून निघून गेली, त्यांनीही.

मी केम सोडलं तेव्हा चोवीस वर्षांची होते. नवऱ्याला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं होतं. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि कडेवर सहा महिन्यांची मुलगी. आई रडली नाही. ती आयुष्यात दोनदा सोलापूरला गेली होती, दोन्ही वेळा दवाखान्यात, त्यामुळे तिच्या डोक्यात ते शहर म्हणजे ओल्या फरशा. म्हणाली, "तितं खाली लई गुळगुळीत असतंय. जपून चालत जा, पोरगी हाय कडंवर." एवढंच. मला हसू आलं होतं.

तेव्हा सोलापुरात मला कुणाचं काही कळायचं नाही. चाळीत अर्ध्या बायका तेलुगू बोलायच्या आणि मी नळावर मुकाट्यानं नंबर लावून उभी राहायचे. आता मी तेलुगूत भांडते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीही कारखान्यात लागले, गेली कित्येक वर्षं चेकिंगला आहे. खालून ट्यूब लावलेल्या काचेच्या टेबलावर टॉवेल पसरायचा, सुटलेला धागा दिसला की तो सेकंडला, म्हणजे दुय्यम मालात, टाकायचा. मुलगी शिकून पुण्याला गेली. ती जाताना मीही रडले नाही. "पोचलीस की मेसेज कर," म्हणाले आणि शिफ्टला गेले.

दोन वर्षांपूर्वी आई केमच्या घरातच पडली. गुळगुळीत फरशी सोलापूरची नव्हती, आमच्याच न्हाणीतली होती. आण्णांना निवृत्तीनंतरही सवय होती, पहाटे उठून स्टेशनवर जायचं आणि बाकावर बसून गाड्या बघायच्या. त्या दिवशीही गेले होते. आईचा पाय सरकला. तिनं हात टेकला, मनगट मोडलं, मग खुबा. आण्णा घरी आले तोवर तीन तास झाले होते. आम्ही तिला सोलापूरला आणलं, ऑपरेशन झालं, आणि पाच आठवड्यांनी ती आमच्या घरी, माझ्या कॉटवर वारली. शेवटपर्यंत विचारत होती, न्हाणीतलं पाणी कुणी काढलं का म्हणून.

त्यानंतर मला एक खोड लागली. मी भिंतीला धरून चालायला लागले. कारखान्यात रंगखात्याजवळ खाली कायम ओल असते, तिथून जाताना माझे गुडघे ताठ व्हायचे. एकदा घरच्या बाथरूममध्ये घसरले आणि नळाला धरून वाचले. नळ हातात आला, हाड वाचलं. त्या आठवड्यात कारखान्यातून परत येताना एका शाळेच्या भिंतीवर पाटी दिसली, मुलींसाठी ज्युदोचे वर्ग. मी आत गेले आणि शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, "मला फेकाफेकी नको. नुसतं पडायला शिकवाल का?"

तिचं नाव श्रावणी. सव्वीस वर्षांची, विणकरांच्या घरातली. ती हसली. "काकू, आमच्याकडे सगळे आधी पडायलाच शिकतात. दोन महिने दुसरं काही नाही. कंटाळून पळून जातात."

"मी नाही जाणार," म्हटलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मला फेकू नको म्हणजे झालं." केमला बातमी पोचली तेव्हा जनाकाकूंनी फोनवर विचारलं, "म्हातारपणी आखाड्यात उतरलीस म्हनं? लंगोट कुनी शिवला?"

अंगात घालायचा डगला मात्र मी खरंच शिवून घेतला आणि तिथेच चुकले. टॉवेलच्या धंद्यातली बाई, जाड सुती कापड म्हटलं की माझी नजर सेकंडच्या ढिगाकडे. त्यातला पांढरा टॉवेल निवडून शिंप्याकडून डगला करून घेतला. पहिल्याच दिवशी जोडीदार पोरीची बोटं टॉवेलच्या वर उठलेल्या फासांत अडकली आणि धागे हातभर बाहेर आले. श्रावणी मॅडम म्हणाल्या, "काकू, हा अंग पुसायला न्या." मुली पोट धरून हसल्या. मीही हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, हे घरी जाताना लक्षात आलं.

माझी जोडीदार बारा वर्षांची होती, गौरी. बाकी सगळ्या तशाच. त्यांच्यात मी एकटी चष्मा काढून रिकाम्या डबीत ठेवणारी.

पडणं असं शिकवतात: आधी बसून मागे पडायचं, मग उकिडवं, मग उभ्यानं. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं जमिनीला लागत नाही. आणि सबंध हात, खांद्यापासून तळव्यापर्यंत, मॅटवर जोरात आपटायचा. तळवा तेवढा टेकायचा नाही. मी महिनाभर दर वेळी टेकला. मॅडम हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायच्या, "काकू, हात! हात टेकू नका! मनगट जाईल!" शरीर ऐकत नाही. पडताना माणूस काहीतरी धरायला जातो, आणि धरायला काही नसलं तर जमीन धरतो. एका संध्याकाळी हे ओरडणं ऐकलं आणि मला न्हाणीतली आई दिसली. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले, परत आले, आणि आणखी वीस वेळा पडले.

दोन महिन्यांनी मी भिंत सोडून चालायला लागले होते. तेवढ्यावर थांबायचं ठरलं होतं, पण थांबले नाही. पुढे फेकणंही शिकले. त्यात जोराचं काम कमी. समोरचा ढकलत असेल तर आपण उलट ढकलायचं नाही. एक पाऊल मागे घ्यायचं, तो आपोआप पुढे येतो, त्याचा तोल जातो, मग फक्त वळायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा गौरी माझ्या कमरेवरून अशी गेली की मला काही केल्यासारखंच वाटलं नाही. मी आनंदानं दोन्ही हात वर केले. ती कोपरावर आपटली.

श्रावणी मॅडम एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "फेकलं म्हणून सोडून द्यायचं का? बाही धरून ठेवायची, पोर खाली नीट टेकेपर्यंत. तिचं पडणं तुमच्या हातात असतं, काकू." माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान मुलगी बोलत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होते. तिचं बरोबर होतं.

आता आण्णांचं. आई गेल्यावर ते केमला परत गेले आणि एकटे राहिले. मी दर रविवारी फोन करायचे. या सोलापूरला. "न्हाय." तिथे तुम्ही पडलात तर? "पडलो तर पडलो." दवाखाना जवळ आहे, मी आहे, जावई आहे. "हितं बरं हाय." एकदा फार ताणलं तेव्हा कारण बाहेर आलं. म्हणाले, "तिला तीन तास पडल्याली ठिवून म्या गाड्या बघत बसलो. आता घराला कुलूप लावून कायमचाच जाऊ व्हय?" मी पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हटलं, या.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र मी पाऊल मागे घेतलं. म्हटलं, "बरं. तुम्ही येऊ नका. मीच नोकरी सोडते आणि केमला येऊन राहते."

पलीकडे बाज करकरली. मग, "खुळी झालीस व्हय? लागल्याली नोकरी सोडतंय का कुनी? तू न्हाय यायचं. मी येतो."

फोन ठेवल्यावर मी खूश होते. दोन वर्षं ढकलून जे हललं नाही ते एका वाक्यात आलं. मी नवऱ्याला ज्युदो समजावून सांगितला. पोती आणली, रजा टाकली.

आता पुन्हा १८ फेब्रुवारी. ऊन उतरल्यावर जनाकाकू त्यांच्या वाट्याची भांडी न्यायला आल्या. पातेलं वाजवून बघत म्हणाल्या, "तुज्यासारखी लेक न्हाय बग गावात. बापासाठी नोकरी सोडून येनार हुतीस म्हनं! आण्णा साऱ्या केमला सांगत फिरलं की. स्टेशनावर, गिरनीत, सगळीकडं. माजी पोरगी येत हुती, मीच न्हाय म्हनालो म्हनं."

माझ्या हातातलं पोतं तसंच राहिलं. बाजेवर आण्णा दुसरीकडे बघत होते, पण त्यांचा चेहरा, मी आईनंतर तसा पाहिला नव्हता. ऐटीत होते ते.

जनाकाकू गेल्यावर मी चूल पेटवली. भाकऱ्या केल्या, ताट वाढलं, त्यांचं जेवण होऊ दिलं. मग सांगितलं. "आण्णा, मी येणार नव्हते. नुसतं म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणावं म्हणून."

ते हात धूत होते. धुऊन झाले, पंच्याला पुसले.

"व्हय?"

"होय. ते ज्युदोत शिकवतात. समोरच्याला ढकलायचं नाही, त्याचा तोल घालवायचा."

"आन् मी पडलो." ते थोडे हसले. मग हसणं गेलं. "मला खरंच वाटलं गं." पंचा खुंटीला अडकवून म्हणाले, "असू दे. बोललोय तर येतो आता."

खरं सांगते, तिथे मी गप्प बसले असते तर ते आले असते. पोती भरलेली होती. आमच्या घरी त्यांच्यासाठी कॉट लावलेली होती, तीच, आईची. पण हा माणूस माझा मोठेपणा मानून निघाला होता आणि तो मोठेपणा मी आत्ताच काढून घेतला होता. आता तो नुसता शब्दाला धरून येणार होता, आणि मग आमच्या गॅलरीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघणार होता.

"आण्णा, नका येऊ," मी म्हटलं. "राहा इथंच."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आता ह्ये बी ज्युदोच हाय व्हय?"

"नाही. हे खरं आहे."

ते उठून कोपऱ्यातल्या पोत्याची गाठ सोडायला लागले. आवळून बांधलेली होती, सुटेना. मी सोडवून दिली. आम्ही दोघांनी मिळून पितळी पातेली परत फळीवर लावली. त्यांना प्रत्येकाची जागा माहीत होती, मला नाही. तेव्हा ध्यानात आलं की या घरात मी केव्हाच पाहुणी झाले आहे. केमला दोन दिवसांवर मला राहवत नाही. कारखान्याचा आवाज नसला की चुकल्यासारखं वाटतं. घरी जाते म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर अक्कलकोट रोड येतो. नोकरी सोडून इथे येणं मी एक क्षणही मनात आणलं नव्हतं, म्हणूनच ते वाक्य इतकं सहज बोलले. माझं घर सोलापूर आहे. केम हे आण्णांचं घर आहे, आणि आईचं. ते एक दिवस पडतील आणि मी तिथे नसेन, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही आहे. त्यावर उपाय सापडला म्हणून मी त्यांना ठेवून आलेले नाही. दुसरं काही खरं नव्हतं म्हणून ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सोडली. गावातल्या गवंड्याला उठवून आणलं, न्हाणीतली फरशी छिन्नीनं टोचून तिच्यावर सिमेंटचा खरबरीत थर टाकून घेतला आणि दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकून घेतले. जनाकाकूंना सांगितलं, रोज संध्याकाळी सहाला हाक मारायची आणि ओ आली नाही तर आत शिरायचं. निघताना आण्णांना म्हटलं, चला स्टेशनपर्यंत. ते न्हाणीच्या दारात पाट टाकून काठी घेऊन बसले होते. म्हणाले, "तू जा. शिमिट वलं हाय, जनीच्या कोंबड्या पाय देत्यात." मी पिशवी उचलली आणि एकटीच चालत स्टेशनवर गेले.