न दिलेलं इंजेक्शन

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची एक चौकी होती. मी तिथं हवालदार होते. उन्हाळ्यातली सकाळ, अकराचा सुमार असेल. एक मोटारसायकल चौकीच्या दारातच येऊन थांबली. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, मागे त्यांची मुलगी. उतरताना तिचा तोल गेला, म्हणून मी धावले. तिचे ओठ सुजले होते, मानेवर आणि हातांवर गांधी उठल्या होत्या, आणि श्वास घेताना घशातून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

"गांधीलमाशी चावली, मॅडम," वडील म्हणाले. "हिला ते सोसत न्हाय. मागंबी एकदा असंच झालं हुतं."

त्यांनी तिच्या पर्समधून प्लास्टिकची एक डबी काढली. आत औषधाची काचेची कुपी, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी. माशी चावून श्वास अडकू लागला तर अर्धा मिली मांडीत लगेच द्यावं, मग दवाखान्यात न्यावं, असं तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. त्या काकांनी कुपी हातात घेतली, पण त्यांच्या बोटांना इतका कंप सुटला की ती फोडताच येईना.

"माझ्यानं हुईना. तुमी द्या की, मॅडम."

मला इंजेक्शन देता येत होतं. माझ्या आईला शेवटची दोन वर्षं इन्सुलिन मीच टोचायचे. कुपी मी हातात घेतलीसुद्धा. आणि तेवढ्यात मला आमच्याच ठाण्यातले एक जुने सहकारी आठवले. छातीत दुखणाऱ्या एका माणसाला त्यांनी त्याच्याच खिशातली गोळी दिली होती. माणूस वाचला नाही. गोळीमुळे गेला असं कुणी म्हटलं नाही, तरी चौकशी लागली आणि ते पुढं कित्येक महिने खुलासे लिहीत राहिले. शेवटी निर्दोष सुटले, पण तोवर त्यांचं हसणं-बोलणं संपलं होतं.

मी साहेबांना फोन लावला.

"तू डॉक्टर आहेस का?" त्यांनी विचारलं. "काही कमीजास्त झालं तर कोण उत्तर देणार? हात लावू नकोस. अँब्युलन्सला फोन कर."

अँब्युलन्सला वीस मिनिटं लागणार होती. मी तिला आमच्या जीपमध्ये घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, काका पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. डबी माझ्याच हातात होती. तिनं डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"द्या ना," ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

"पोचलोच आपण," मी म्हणाले. आम्ही पोचलो नव्हतो. अजून निम्मा रस्ता बाकी होता.

दवाखान्यात नेल्या नेल्या तिला तेच औषध टोचलं. पण तोवर तिची शुद्ध गेली होती. ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी ती मुलगी गेली. शाळेत शिक्षिका होती, चौथीला शिकवायची, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डबी बघून एवढंच विचारलं, "हे जवळ होतं, मग दिलं का नाही?" त्यांच्या आवाजात दोष नव्हता.

कागदावर माझं काहीच चुकलं नव्हतं. 'महिलेस तत्परतेने रुग्णालयात पोचवले' असा शेरा पडला.

त्या आठवड्यात मी बढतीच्या परीक्षेची जुनी वही काढली. मला वाटत होतं तेच तिच्यात होतं. माणसाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूनं, त्याच्या संमतीनं केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. या प्रश्नाला मला चांगले गुण पडले होते. पण कायद्यानं गुन्हा नसला तरी खात्याची चौकशी लागू शकते, आणि मी त्या चौकशीला भ्यायले. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. अशा इंजेक्शनबद्दल कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

महिन्याभरानं काका एका कागदावर सही घ्यायला चौकीत आले. म्हणाले, "माझेच हात धड न्हाईत. जरा घट्ट धरलं असतं तर पोरगी वाचली असती."

मला गप्प बसता आलं असतं. पण त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं, ते मला सहन झालं नाही.

"काका, मला देता येत होतं," मी म्हणाले. "मी माझ्या आईला रोज द्यायचे. नोकरीला भिऊन मी दिलं नाही."

त्यांनी टेबलावरचा कागद जवळ ओढला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "तुमी कुपी हातात घेतली तवाच मला कळलं हुतं, ह्यांना येतंय म्हणून." कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच राहिला.

मग मी अर्ज लिहिला. रुग्णाचं स्वतःचं औषध, डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरच्यांची विनंती असेल, तर ते देणाऱ्या पोलिसावर कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश काढावा, आणि असं औषध द्यायला आम्हाला शिकवावं. साहेबांनी तो दोनदा वाचला. "त्या दिवशी मी फोनवर..." एवढं बोलून ते थांबले, आणि सही करून त्यांनी अर्ज वर पाठवला.

पुढं माझी बदली झाली. अर्ज विचाराधीन आहे, एवढंच उत्तर मिळालं. मी दर दोन-तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवते. नव्यानं भरती झालेल्या मुली माझ्या हाताखाली येतात, त्यांना मी वहीतलं ते कलम पाठ करायला लावते आणि हे सगळं, माझ्या नावासकट, सांगते. एकीनं मला विचारलं, "मग मॅडम, आता असं कुणी आलं तर तुम्ही द्याल?"

देईन, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.