आईच्या खोलीत आणलेलं ऊन

वसईत घर गरम करायचंय म्हटलं की लोक हसायचे. आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. पण त्या हिवाळ्यात आमची आई थंडीनंच जाईल, असं मला खरोखर वाटत होतं.

पोटाच्या ऑपरेशननंतर ती निम्मी उरली होती. डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त कमी आहे, थंडी वाजणारच. उबेत ठेवा." सांगायला सोपं होतं. जूचंद्रचं आमचं बैठं घर, मागे खाडी. आईच्या खोलीची भिंत पावसाळ्यात ओल धरायची ती होळीपर्यंत सोडायची नाही. गोधड्यांवर गोधड्या, दादाचं स्वेटर, कानाला मफलर, तरी तिचे दात वाजायचे.

"मना थंडी वाजतंय गो," ती म्हणायची. दिवसभर तेवढंच.

गरम पाण्याची पिशवी दिली तर पायाला मोठा फोड आला, तिला चटका कळलाच नव्हता. शेगडीचा धूर तिला सोसत नव्हता. विजेचा हीटर लावला, तर घसा कोरडा पडून खोकल्याची अशी उबळ आली की तो बंदच करावा लागला. अंगणात ऊन होतं, हवं तेवढं. पण तिला उचललं की पोटातली कळ उठायची आणि ती लहान मुलासारखी ओरडायची. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मी हात पुढे केले तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि माझे हात तिथंच थांबले.

दादा कामणच्या गोदामांवर टेम्पो चालवायचा. एका संध्याकाळी मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे बघ. उन्हानं हवा तापवायची पेटी. थंड प्रदेशात लोक घरीच बनवतात."

"इथे चालेल?"

"तिला नेता येत नाही ना उन्हात? मग ऊनच आत आणू."

त्यानं प्लायवूडची उथळ पेटी ठोकली. आत शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग दिलेला पत्रा, वर जुन्या खिडकीची काच. आईच्या खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीला दोन भोकं पाडली आणि पेटी बाहेरून त्यांवर बसवली. खालच्या भोकातून खोलीतली गार हवा पेटीत जाणार, तापून वरच्या भोकातून परत येणार. वरच्या भोकात कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवला. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पत्र्यामागे गोदामातून आणलेलं थर्माकोल भरलं.

पहिल्या दुपारी पंखा सुरू झाला. मी भोकापुढे हात धरला. हवा खरंच गरम होती! मी दादाला हाक मारणार, तेवढ्यात जळका, तिखट वास आला. थर्माकोल वितळत होतं. आई खोकायला लागली, ओठ निळे पडले. आम्ही दारं-खिडक्या सताड उघडल्या, खोकल्यासाठी आणून ठेवलेलं वाफेचं मशीन तिच्या तोंडाला लावलं. श्वास जागेवर आला, पण उघड्या खिडक्यांतून खाडीचा वारा आत शिरत होता आणि ती थरथरत होती.

दादा बाहेर जाऊन पेटीला लाथा घालू लागला. काच तडकली.

"तोडून टाक सगळं," तो म्हणाला. "माझ्याच्यानं काही होत नाही."

आमच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "काच बदलू. ते थर्माकोल काढ."

गिरीजच्या एका वाडीतून नारळाचा काथ्या आणला आणि थर्माकोलच्या जागी ठासला. रंगाचा वास पुरता जाईपर्यंत पेटी अंगणात तापू दिली. तेवढे दिवस आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. माझ्याशी बोलणंही तिनं सोडलं होतं.

पेटी पुन्हा लावली त्या दुपारी मी तिचे पाय भोकाकडे केले. तिनं पायाची बोटं हलवून बघितली. मग हळूच म्हणाली, "ऊन आनलंव काय घरान?"

त्या दिवशी तिनं पेजेची वाटी संपवली. आणखी काही दिवसांनी, भर दुपारी, गोधडी पायानं ढकलत म्हणाली, "उकडतंय गो." दादा आणि मी स्वयंपाकघरात गेलो आणि एकमेकांकडे न बघता रडलो.

पण पेटी ऊन असेतोवरच चालायची. चार वाजले की हवा कोमट व्हायची, मग गार. आभाळ आलं की आई भोकाकडे बघत राहायची. फेब्रुवारीत तिनं पेजही सोडली.

शेवटच्या सकाळी तिचे हात बर्फासारखे झाले होते. मी ते माझ्या हातांत घेऊन चोळत होते. ऊन त्या भिंतीवर उशिरा यायचं. दादा बाहेर उभा राहून सदऱ्यानं पेटीची काच पुसत होता.

"दादा, आत ये," मी हाक मारली.

"थांब, आता तापेल."

"दादा, ये रे."

तो आला नाही. ऊन काचेवर आलं तेव्हाच आत आला, पंख्याचं बटण दाबलं आणि आईकडे वळला. तोवर ती गेली होती. वरच्या भोकातून गरम हवा येऊ लागली. तिची बोटं ऊबदार होतील म्हणून मी ती बराच वेळ त्या हवेत धरून बसले.