सुई आणि आडवा प्रकाश

प्रयोगशाळेत सुईवाल्या मावशींना कोण ओळखत नव्हतं! वडील घड्याळजी, त्यामुळे बारीक कामाचं बाळकडूच मिळालेलं. टंगस्टनची तार कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायची, वीज सोडायची आणि खालचा तुकडा गळून पडला की त्याच क्षणी वीज तोडायची. उरतं ते टोक असं, की केसाच्या जाडीत तसली हजार टोकं मावावीत. त्यावर लेझरचा ठोका पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, तेही असे झटपट, की पापणी लवणं म्हणजे त्यापुढे युगच. बावीस वर्षांत मावशींची एकही सुई वाया गेली नव्हती. म्हणजे गेली असेलही, पण त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती.

त्या आठवड्यात मात्र दोन सुया ओळीने गेल्या. प्रकाश पडतोय, पण इलेक्ट्रॉन नाहीत. प्रयोगशाळेचे साहेब प्रकाश वाढवत गेले आणि दोन्ही वेळा टोक वितळून त्याची गोल गोळी झाली.

"मावशी, राग मानू नका," साहेब म्हणाले, "पण ही आता लावलेली तिसरीही गेली, तर यापुढे कारखान्याच्या तयार सुया मागवाव्या लागतील."

"राग कशाला? आधी चोर तर सापडू द्या. प्रकाशाच्या वाटेवरची ती गोल काच कुणी हलवली?"

"हलवली नाही हो. परवा पुसली आणि परत बसवली."

"पुसली म्हणजे काढली. काढली म्हणजे फिरली!"

त्याचं असं आहे, की प्रकाशाच्या लाटेच्या डोलण्यालाही दिशा असते, आणि ती दिशा त्या काचेने फिरते. लाट सुईच्या लांबीला धरून डोलली, तर सगळा जोर टोकाशी एकवटतो. आडवी डोलली, तर सुई नुसतीच तापते.

"आधी प्रकाश निम्मा करा," मावशी म्हणाल्या.

"निम्मा? अहो, पुऱ्या प्रकाशातही काही येत नाहीये!"

"करा तर खरं."

साहेबांनी नाइलाजाने प्रकाश उतरवला. मावशींनी काचेची कडी चिमटीत धरून मुंगीच्या चालीने फिरवली. इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या पडद्यावर शून्य. पुन्हा शून्य. मग तीन. मग चाळीस. मग आकडे असे धावत सुटले, की साहेब खुर्चीतून उठलेच. त्यांचा हात आपसूक लेझरच्या बटणाकडे गेला.

"अजून थोडा वाढवून बघू?"

"हात खाली! हिचीही गोळी करायचीय का?"

साहेब हात मागे घेऊन हसू लागले. "आणि तयार सुयांचं काय करायचं, मावशी?"

"मागवा की. शर्टाची बटणं लावायला लागतातच," म्हणत मावशी चौथ्या सुईची तार कापायला टेबलाकडे वळल्यासुद्धा.