रावसाहेबाचं कुंपण आणि मच्छिंद्रकाकांची रांगोळी

मच्छिंद्रकाकांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पहिलं काम केलं ते मला गप्प करण्याचं.

"काका, गेल्या आठवड्यापासून उंदीर..." मी सुरुवात केली, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाव घ्यायचं न्हाई, ताई. मंडळी म्हना. आन आपण काय करनार ते तर बोलायचंच न्हाई. ऐकत्यात ती."

मला हसू आलं. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. उंदरांना मराठी कळतं ही माहिती मला नवीन होती. पण काका हसत नव्हते. त्यांनी हनुवटीनेच विचारलं, कुठे? मीही मग बावळटासारखं हनुवटीनेच दाखवलं.

मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यांवर त्यांनी पस्तीस वर्षं काढली. आधी हमाली केली, आणि पाठ गेली तेव्हा गाळेवाल्यांनी त्यांना मंडळींच्या बंदोबस्तावर बसवलं. तिथल्या हमालांची रीतच होती, पिंजरा कुठे लावला ते तोंडाने सांगायचं नाही. आता साठी उलटली आहे, मांजरीच्या जुन्या गावठाणात एकटेच राहतात आणि सायकलवर एक गोणपाट टाकून बोलावतील तिथे जातात. गोणपाटात दोन पिंजरे, तारेच्या घासण्या, पांढऱ्या रांगोळीचा पुडा आणि चहाची गाळणी. ही गाळणी बघून मी त्यांच्यासाठी चहा टाकायला निघाले होते, इतकी मी हुशार.

आमच्या घरामागे अजून थोडा ऊस उरला आहे. डिसेंबरात त्याची तोड सुरू झाली आणि आत जे जे राहत होतं ते सगळं आमच्याकडे आलं. आमच्या अंगणात होता रावसाहेब. रावसाहेब म्हणजे कासव. आपल्याकडचं कासव पाळणं गुन्हा आहे, हे आफ्रिकेकडच्या जातीचं आहे आणि त्याची कागदपत्रं फाइलमध्ये आहेत, हे मी गल्लीतल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलेलं आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा चालतो म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं.

बाबा, म्हणजे बापूराव, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, वय एकोणऐंशी. मधुमेहाने नजर अधू झाली आणि घोट्याखाली पाय बधिर झाले. आई गेल्यावर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात आणि रावसाहेबाशी मनापासून. पलंग खिडकीशी आहे, खिडकीखाली कुंपण. रावसाहेबाला काही झालं तर बाबा पुन्हा उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचीच भीती होती.

कारण थंडीने ते कासव दगड झालं होतं. एका सकाळी मी वाकून बघितलं तर मागच्या पायाचं कातडं कुरतडलेलं. ताजं होतं. त्याने पाय आतसुद्धा ओढून घेतला नव्हता. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होतं. कोणीतरी आपल्याला खातंय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हा विचार मला दिवसभर सोडेना.

मी गुलाबी विषाच्या वड्या आणून ठेवल्या होत्या, चिकटपट्ट्याही. काकांनी एक वडी उचलून रावसाहेबासमोर लांबूनच धरली. गारठलेल्या त्या कासवाने मान बाहेर काढली.

"बगा. लाल-गुलाबी दिसलं की ह्यो तोंड घालनार. चिकटपट्टीवर पाय पडला तर सालपटं निघतील. आन इख खाऊन कोन हितं येऊन मेलं, तर त्येला बी ह्यो चावून बगंल." दोन्ही गोष्टी त्यांनी पिशवीत बांधून मला परत दिल्या.

मग दोन दिवस ते राबले. करंगळीचं टोक जाणार नाही अशी बारीक जाळी कुंपणाभोवती वीतभर जमिनीत पुरली. भिंतीतल्या पाइपांच्या भोकांत घासण्या कोंबून वर सिमेंट लिंपलं. रावसाहेबासाठी लाकडी पेटी केली, आत ऊब देणारा दिवा, सूर्य मावळला की त्याला आत घालून दार बंद. पिंजरे कुंपणाबाहेर, तेही पाइपाच्या तुकड्यात सरकवलेले, म्हणजे चुकून कासव सुटलं तरी त्याचा पाय अडकू नये. आमिषाला जाळावर भाजलेलं खोबरं. शेवटी गाळणीने सगळीकडे पातळ रांगोळी चाळली. सकाळी तिच्यावर उमटलेली पावलं ते उकिडवे बसून पेपर वाचावा तशी वाचायचे.

"उरलेला पाला सांजच्याला उचलायचा," जाताना ते म्हणाले. "आन त्येच्या दाण्याचं पोतं हितनं हलवा. लांब ठेवा."

मी हलवलं. मागची खोली माझ्या खोक्यांनी भरलेली, स्वयंपाकघरात जागा नाही. बाबा म्हणाले, माझ्या पलंगाखाली सरकव, मीच रोज वाटीभर काढून देत जाईन. मला ते फारच आवडलं. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा, असं वाटलं.

पहिल्या दोन दिवसांत चार सापडले. नंतर पिंजरे रिकामे. कुंपणाभोवतीची रांगोळी कोरी. रावसाहेबाच्या पायावर खपली धरली. बुधवारी काका आले तेव्हा मी पेढे द्यायच्याच बेतात होते.

"गेले सगळे," मी म्हणाले.

"गेली न्हाईत," काका कोऱ्या रांगोळीकडे बघत म्हणाले. "हितं यायची बंद झाली. म्हंजे दुसरीकडं भागतंय त्येंचं."

तेवढ्यात खिडकीतून बाबा बोलले, अगदी खुशीत. "अहो, रावसाहेब आता रात्री माझ्याकडे येतो. पायथ्याशी बसतो आणि कुरकुर कुरकुर खात राहतो. बरं वाटतं हो, सोबत होते."

मी बाबांच्या नकळत काकांना खूण केली, वयाचं आहे, मनावर घेऊ नका. रावसाहेब तर पेटीत असायचा आणि कडी मीच लावायची. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कुटं बसतो म्हनालात, बापूराव?"

"पायथ्याशी. पायांच्या अगदी जवळ."

काका थेट आत आले. दारापासून पलंगापर्यंत, पलंगाच्या चारी पायांभोवती त्यांनी रांगोळी चाळली. मी विचारलं तर पुन्हा ओठांवर बोट. या वेळी मला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी ते सातलाच दारात उभे. आम्ही दोघं बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर वाकलो. रांगोळीवर नखाएवढी पावलं होती, शेकड्यांनी, मधून शेपटीच्या बारीक रेघा. काही पोत्याकडे गेलेली. बाकीची सगळी पलंगाच्या पायथ्याच्या खुरापाशी जाऊन थांबलेली, तिथे रांगोळी पार पुसली गेली होती. लोंबत्या चादरीवर पांढरे ठिपके वर चढत गेले होते.

"अठरा किलोचं कासव आलं असतं," काका हळू म्हणाले, "तर हे असं दिसलं असतं का, ताई?"

ते पलंगाशी बसले. "बापूराव, मोजा काढू?"

"काढा की. थंडी वाजतच नाही मला पायांना."

मोजा तपकिरी होता, म्हणून मला कधी काही दिसलं नाही. टोकाला भोक होतं. मी ते दोन दिवसांपूर्वी पाहिलं होतं आणि नवे मोजे आणायचे असं मनात म्हटलंही होतं. मोजा निघेना. काकांनी कोमट पाणी मागितलं, भिजवून भिजवून तो सोडवला. मी एकदाच बघितलं. अंगठ्याचं टोक नव्हतं.

"काय झालं?" बाबा छताकडे बघत विचारत होते. "सगळे गप्प का झालात?"

पाय रोज बघा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी रोज विचारायची, बाबा, पाय ठीक ना? ते म्हणायचे, ठीक. ज्याला पाय कळतच नाहीत त्याला मी विचारत होते. याची मला आजही लाज वाटते.

दवाखान्यात अंगठ्याचा थोडा भाग काढावा लागला. पाऊल वाचलं. आठवडाभर उशीर झाला असता तर तेही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर काका दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसले होते.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"आमच्या सरूला हाच आजार. पाय मेलेलं. मी यार्डात लोकांचा दाणा राखत रातच्याला ऱ्हायचो. ती म्हनायची, मांजर येतं हो, पायाशी बसतं, बरं वाटतं. आमच्याकडं मांजर न्हवतंच, ताई. आन मी हसलो तिला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काकांच्या बायकोला, सरूबाईंना, जाऊन अकरा वर्षं झाली, एवढं मला ठाऊक होतं.

पोतं आता पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या पिंपात आहे, घराबाहेर. बाबांच्या खोलीच्या खिडकीलाही जाळी आली. काका न बोलावता येतात, उंबऱ्यावर रांगोळी चाळतात, कोरी दिसली की चहा घेऊन जातात. रावसाहेब उन्हात तपासणी करत फिरतो.

बाबांना मी खरं सांगितलेलं नाही. जखम झाली होती, एवढंच. रोज संध्याकाळी मी त्यांचे मोजे काढते, दिवा जवळ घेऊन एकेक बोट बघते आणि दोन्ही पावलं हातांत धरून बसते. त्यांना ते कळत नाही.

काल म्हणाले, "रावसाहेब हल्ली येत नाही गं. रुसला का?"

त्यांची पावलं माझ्या हातात होती.

"आलाय की, बाबा," मी म्हणाले. "हा काय, पायाशी बसलाय."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.