खंजिरीचा पुरावा

माझ्या मुलीच्या खराडीच्या घरात, एका रविवारी भर दुपारी, माझ्या पाठीमागे कोणीतरी टाळ वाजवला आणि मी दचकून मागे पाहिले. मागे पडदा होता आणि पडद्यामागे बंद काच. तेवढ्यात डोक्यावरून, थेट छतातून, चार-पाच बायकांचा कोरस खाली उतरला. मी सोफ्याचा हात घट्ट धरला. वास्तविक मी सहजासहजी हादरणारा माणूस नाही. पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी कचेरीच्या फाटकाशी टेबल मांडून बसणाऱ्याने जे जे पाहिलेले असते, ते सर्व मी पाहिले आहे. तरीही त्या दुपारी मला जे धक्के बसले, त्यांतला हा सर्वांत किरकोळ होता.

मी अर्जनवीस आहे. ज्यांना स्वतःचे म्हणणे कागदावर मांडता येत नाही, त्यांचे अर्ज, तक्रारी आणि प्रतिज्ञापत्रे मी लिहून देतो. माझे शिक्षण नववीत थांबले, हे मी लपवीत नाही. परंतु पदवीधर मंडळीसुद्धा माझ्या टेबलाशी येऊन ‘जरा भाषेत बसवून द्या’ असे म्हणतात, हेही लपविण्याचे कारण नाही. माझी एक पद्धत आहे. अर्जदार नेहमी अर्धेच सांगतो. काही विसरतो, काहीची त्याला लाज वाटते, काही त्याला महत्त्वाचे वाटत नाही. उरलेले अर्धे मी पुरे करतो. कोणी ‘त्रास होतो’ म्हणाला, तर मी ‘असह्य शारीरिक व मानसिक त्रास होत असून’ असे लिहितो. मग तो अर्ज मी मोठ्याने, खणखणीत वाचून दाखवतो. अर्जदार मान हलवतो आणि सही करतो. आजवर एकानेही ‘मी असे म्हणालो नव्हतो’ असे म्हटले नव्हते, आणि यालाच मी माझे कौशल्य समजत होतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, नारायण पेठेतल्या एका छापखान्यात बांधणी खात्यात होते. दिवसभर पुस्तके शिवायची आणि संध्याकाळी भजनी मंडळात खंजिरी वाजवायची, असा त्यांचा जन्म गेला. एका बाजूने चामडे मढवलेली, कडेला पितळी चकत्या असलेली ती खंजिरी आजही आमच्या येरवड्याच्या घरात खुंटीला असते. परंतु आमच्या घराण्याचा खरा मान दुसऱ्याच गोष्टीत होता. चाळीसएक वर्षांपूर्वी अण्णा मुंबईला एका भक्तिगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी गेले होते. ते गीत पुढे इतके गाजले की गणपतीत ते कानावर पडले नाही असे एकही वर्ष गेले नाही. रेकॉर्डच्या वेष्टणावर गायिकेचे नाव, संगीतकाराचे नाव आणि खाली बारीक अक्षरांत ‘आणि साथीदार’ असे छापले होते. त्या दोन शब्दांत आपले वडील आहेत, हे मी शाळेत असल्यापासून सांगत आलो.

गेल्या वर्षी मंडळातल्या दोघा जणांना वृद्ध कलावंतांचे सरकारी मानधन मंजूर झाले. तेव्हा अण्णा मला म्हणाले, “माझंही बघ ना जमतं का. कलावंत म्हणून कार्ड मिळतं म्हणे.” वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांनी माझ्याकडे प्रथमच काही मागितले होते. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावून अर्ज लिहिला. भजनी मंडळातली चाळीस वर्षे मी एका ओळीत आटोपली, कारण भजनी मंडळे गल्लोगल्ली असतात. त्या गीताला मात्र पूर्ण परिच्छेद दिला: ‘सदर गीतास अर्जदाराने खंजिरीची प्रमुख साथ केली असून’ इत्यादी. सोबत प्रतिज्ञापत्र जोडले. मी ते वाचून दाखवले तेव्हा दोन स्टँपविक्रेते, एक वकील आणि चहावाला असे चौघे उभे राहून ऐकत होते. अण्णांनी सही केली.

दोन महिन्यांनी पत्र आले की रेकॉर्डवर अर्जदाराचे नाव आढळत नाही, सबब साथ केल्याबाबत अन्य पुरावा घेऊन येत्या गुरुवारी मुलाखतीस हजर राहावे. त्या काळातले साथीदार आता कोण हयात असणार? माझी झोप उडाली. अण्णांचे कार्ड जाणार, आणि तेही मी लिहिलेला अर्ज असताना, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

मुलीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती हसली. “बाबा, एवढंच ना? ते गाणं आता ॲपवर सराउंडमध्ये आलंय. ओरिजिनल टेपवरून सगळी वाद्यं सेपरेट केलीत. आजोबांची खंजिरी अगदी वेगळी ऐकू येईल. रविवारी आजोबांना घेऊन या, आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून देतो.”

ती आणि जावई दोघेही तिथल्याच एका संगणक कंपनीत आहेत. जावई नागपूरकडचे, बोलायला मोकळे. त्यांनी दिवाणखान्यात स्पीकर बसवून घेतले होते: समोर तीन, मागे दोन, छतात दोन, आणि कोपऱ्यात जाड, घुमणाऱ्या आवाजांसाठी एक ठोकळा. गाणे ना तबकडीवर, ना कॅसेटवर. ते इंटरनेटवरून येते, असे त्यांनी मला समजावले. मी मान हलवली.

“आजोबा, तुम्ही सोफ्याच्या बरोबर मध्ये बसा,” जावई म्हणाले. “आवाज सगळीकडून तिथंच जमतो.”

“आणि मी?” मी विचारले.

“तुम्ही कुठंही बसा, बाबा. तुम्हाला कुठं पुरावा व्हायचंय.”

गाणे सुरू झाले आणि वर सांगितल्याप्रमाणे मी दचकलो. जे गाणे मी जन्मभर मांडवातल्या कर्ण्यातून एकसंध ऐकले, ते कोणीतरी शिवण उसवून खोलीभर पसरून ठेवले होते. डावीकडे पेटी, पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा. उजवीकडे बासरी. तबला समोर, पण जमिनीलगत. गायिका तर इतकी जवळ की ती ओळ संपवून ओठ मिटते तेही कळत होते. मला ते काहीसे अशोभनीय वाटले. परक्या बाईच्या इतक्या जवळ आपण उभे राहत नाही.

अण्णा डोळे मिटून बसले होते. मध्येच ते बोलू लागले. “हा टाळवाला. याला दमा होता, म्हणून दोन कडव्यांच्या मधे उठून बाहेर जायचा.” थोड्या वेळाने म्हणाले, “बासरी उजवीकडं का ठेवलीय? तो तर डावीकडं, खांबाला टेकून होता. आणि कोरसच्या बायका छतावर कुठून? सतरंजीवर बसल्या होत्या त्या.”

मुलीने माझ्याकडे अभिमानाने पाहिले. मीही छाती फुगवली. यापेक्षा सबळ साक्ष कोणती? जावयांनी मोबाइल पुढे धरला. “आजोबा, आता खंजिरी आली की फक्त बोट वर करा.”

बोट वर झाले नाही. गाणे संपले.

“कुठंच आली नाही वाटतं,” जावई म्हणाले आणि त्यांनी पुन्हा लावले. या वेळी मी उठलो. मागच्या स्पीकरला कान लावला. मग समोरच्या तिघांना, एकेक करून. मुलगी म्हणाली, “बाबा, पडाल,” तरी स्टुलावर चढून छतातल्या जाळीलाही कान लावला. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज मला पाळण्यापासून माहीत आहे. तो हजार आवाजांत मी ओळखला असता. तिथे टाळ होते, चिपळ्या होत्या, एके ठिकाणी कोणाचा तरी खोकलाही होता. खंजिरी नव्हती.

“कंपनीने गाळली असणार,” मी स्टुलावरूनच म्हणालो. “यांच्याविरुद्ध अर्ज करता येईल.”

“बाबा, खोकला ठेवून खंजिरी कोण गाळेल?” मुलगी हळूच म्हणाली.

मी खाली उतरून अण्णांपुढे उभा राहिलो. “अण्णा, खंजिरी कुठे आहे?”

त्यांनी डोळे उघडले. “वाजवली कुठं?” ते म्हणाले.

मला प्रथम वाटले की वयामुळे ते गोंधळले आहेत. परंतु ते अगदी सावकाश, एकही गोष्ट न विसरता सांगत गेले. दोन दिवस तालीम झाली तेव्हा खंजिरी होती. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी काचेमागच्या माणसाने सांगितले की टाळ आणि खंजिरी एकमेकांवर येतात, एक बंद करा. संगीतकाराने अण्णांकडे पाहिले. घरी जा किंवा बसा, पण आवाज नको, असे तो म्हणाला.

“मग तुम्ही निघून का आला नाही?”

“छापखान्यात तीन दिवसांची रजा टाकली होती. मंडळानं हार घालून पाठवलं होतं. चार वाजता परत येऊन काय सांगू?” अण्णा म्हणाले. “बसलो. हातरुमाल ओला केला आणि चकत्यांमधून गुंडाळला, चुकून वाजू नये म्हणून. पोटाशी धरून बसलो. त्यांनी सहा वेळा घेतलं गाणं. सहाही वेळा मी तसाच.”

“आणि इतकी वर्षे तुम्ही...”

“मी कधी वाजवली म्हणालो? आठवून बघ. मी मुंबईला गेलो होतो, एवढंच म्हणत आलो. तुझ्या आईनं पेढे वाटले. पुढचं तुम्हीच म्हणत गेलात. मी नाही म्हटलं नाही, हे खरं.”

मी आठवून पाहिले. खरोखरच, बालपणापासून कानावर असलेल्या त्या कथेत अण्णांच्या तोंडचे एकही वाक्य मला सापडेना. खोली कशी असते, काच कशी असते, दुपारी पुरीभाजी कोणी मागवली, हे त्यांनी सांगितलेले. वाजवण्याचा भाग माझा होता. मी तो शाळेत सांगितला, लग्नाच्या बैठकीत सांगितला आणि शेवटी शपथेवर लिहिला.

“मग सही का केलीत?” माझा आवाज चढला असावा, कारण मुलीने माझ्या दंडाला हात लावला.

“तू वाचत होतास तेव्हा तुझ्या टेबलाभोवती चार माणसं उभी होती,” अण्णा म्हणाले. “त्यांच्यासमोर तुला म्हणू का, की तू लिहिलेलं खोटं आहे? तुझं पोट आहे त्याच्यावर.”

मी बसलो. सोफ्याच्या मध्यभागीच बसलो, अण्णांशेजारी. जावयांनी यंत्र बंद केले होते आणि इतक्या आवाजानंतर ती खोली मला रिकामी केलेल्या गोदामासारखी वाटू लागली. आजवर माझ्यासमोर मान हलवून सही केलेले कितीतरी चेहरे मला आठवले. त्यांतल्या कितींनी केवळ माझ्या टेबलाची अब्रू राखली असेल? हा विचार मला त्यापूर्वी कधीही शिवलेला नव्हता.

“आजोबा, कमिटीकडे अशी सिस्टिम थोडीच असणार आहे,” जावई म्हणाले. “साध्या मोबाइलवर ऐकलं तर काही कळत नाही.”

“आपल्याला कळलंय ना, अहो,” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “मागे घे तो अर्ज.”

मागे घेतला की कार्ड गेले, हे त्यांना ठाऊक होते. मी म्हणालो की मागे घेण्याऐवजी दुरुस्तीचा अर्ज देता येतो. त्यांनी विचारले, त्यात काय लिहिणार? भजनी मंडळातल्या चाळीस वर्षांबद्दल मला एका ओळीपलीकडे काहीही माहीत नव्हते. मग मुलीकडून वही मागून घेतली. ते सांगत होते आणि मी लिहीत होतो: कोणत्या आळीत कोणत्या वारी भजन असे, कोणाकडून ते शिकले, कोणकोणत्या पोरांना त्यांनी शिकवले, चामडे कुठे मढवून घेत. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. मी स्वतःचा एकही शब्द घालून काही पुरे केले नाही. दोनदा मोह झाला.

गुरुवारी आम्ही दोघे कचेरीत गेलो. मुलाखतीपूर्वी कागद तपासणाऱ्या बाईंनी आधीचा अर्ज आणि दुरुस्तीचा अर्ज शेजारी शेजारी ठेवले. त्या मला अनेक वर्षे ओळखतात. माझे अर्ज पाहून ‘यांचं व्यवस्थित असतं’ असे त्यांनी लोकांना सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे.

“आधी प्रमुख साथ, आता साथच नाही,” त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. “प्रतिज्ञापत्र आहे हे, आजोबा. शपथेवर खोटं लिहिलंत?”

अण्णांनी काउंटरची कड धरली. “हो बाई. मीच तसं सांगितलं होतं. याचा काही दोष नाही.”

पाठीमागे रांग होती. रांगेतले निदान दोघे माझेच अर्जदार होते.

“त्यांनी तसे सांगितले नव्हते,” मी म्हणालो. “ते मी लिहिले. त्यांना न विचारता लिहिले.”

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “तुम्ही?”

“मी.”

“मग तसं लेखी द्या. त्याशिवाय मी यांना आत सोडू शकत नाही. आणि मी ते वर पाठवणार, हेही सांगून ठेवते.”

त्यांनी एक कोरा कागद सरकवला. अण्णा माझी बाही ओढत होते. “राहू दे रे, चल घरी,” असे पुटपुटत होते. मी पेन काढले. जिथे नेहमी दुसऱ्याचे नाव येते तिथे माझे नाव घातले, आणि पुढचे वाक्य मला सुचेना. माझ्याजवळच्या सगळ्या तयार शब्दांत ते बसत नव्हते. शेवटी मी लिहिले की माझे वडील त्या गाण्यात वाजवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते, कारण मी त्यांना कधी विचारले नाही. सही केली. वाचून दाखवायला बाईंनी सांगितले नाही, तरी मी ते वाचून दाखवले, रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

बाईंनी कागदावर शिक्का मारला आणि दाराकडे हात केला. “आजोबा, तुम्ही जा आत. वाद्य आणलंय का?”

अण्णांनी पिशवी वर करून दाखवली आणि ते एकटेच आत गेले. दार लागले. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने आतून खंजिरी ऐकू आली.