फादरांचा शब्द

रविंद्र सुरवाडे आमच्या कॉलेजचे प्राचार्य झाले तेव्हा पहूरच्या स्टँडवरच्या चहावाल्याने मला विचारलं, "मॅडम, मग आता सरांनी कॉलेज विकत घेतलं म्हना की!" मी म्हटलं, "हो, हप्त्यावर." त्याला ते खरंच वाटलं. कॉलेज फादर लोकांचं, आणि फादर नसलेला माणूस त्यांच्या खुर्चीवर बसला म्हणजे आत काहीतरी सौदा झाला असणार, अशी सगळ्या गावाची समजूत होती.

सौदा कसला डोंबलाचा! आमचं कॉलेज येशूसंघाच्या फादरांनी काढलेलं. या संघात आता नवे तरुण फारसे येत नाहीत आणि आहेत ते फादर थकले. त्यामुळे त्यांच्या संस्था ठिकठिकाणी संसारी माणसांच्या हाती जाऊ लागल्या आहेत. अमेरिकेतल्या त्यांच्या मोठमोठ्या विद्यापीठांवरसुद्धा आता बायकामुलांची माणसं अध्यक्ष आहेत, असं संघाच्या वरिष्ठ फादरांनी आम्हाला सभेत सांगितलं. आमच्याकडे ती पाळी सुरवाडे सरांवर आली. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी होती, म्हणून छातीठोक सांगते, त्या खुर्चीसाठी या माणसाने बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

त्यांच्या आधी तिथे फादर तुस्कानो होते. मूळचे वसईचे, पण उमेदीची वर्षं धुळ्याकडे गेलेली, त्यामुळे अहिराणी बोलायचे. आमच्या जामनेरकडची बोली निराळी, तरी त्यांचं बोलणं ऐकायला लोक मुद्दाम थांबायचे. होस्टेलला मूल घेण्याची त्यांची एकच रीत होती. डोंगराखालच्या एखाद्या वाडीतून कोणी लेकरू घेऊन आलं, की ते त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "ठेवी जा." म्हणजे ठेवून जा. मार्क नंतर, फी त्याच्याही नंतर. तो हात डोक्यावर पडला की जागा झाली असं लोक धरून चालत, आणि ती होतही असे. कारण किती शब्द द्यायचे याचं भान फादरांना होतं.

सुरवाडे सर स्वतः त्याच हाताखालून आलेले. बौद्धवाड्यातलं घर, वडील बोदवड स्टेशनवर हमाल. ते अकाली गेले, तेव्हा आई द्रौपदाबाई दहावी झालेल्या पोराला घेऊन फादरांपुढे उभी राहिली. पोरगा लाजरा, विचारलं तरी तोंड उघडेना. फादर म्हणाले, "ठेवी जा." ही गोष्ट सर दर वर्षी मुलांना सांगायचे आणि दर वर्षी त्यांचा आवाज त्याच जागी अडकायचा. आम्ही शिक्षक मागे बसून एकमेकांकडे बघायचो, की आता अडकेल.

निवृत्त झाल्यावर फादर आवारातल्याच त्यांच्या घरात राहिले, आणि हळूहळू विसरू लागले. आधी चष्मा, मग माणसं, मग आपण निवृत्त झालो हेच. एक गोष्ट तेवढी पक्की राहिली. प्रवेशाच्या दिवसांत ते फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचे. "ठेवी जा. ठेवी जा."

सरांनी पहिल्या वर्षी त्यातला एकही शब्द खाली पडू दिला नाही. वाचनालयात गाद्या घातल्या, व्हरांड्यात घातल्या. टाकीचं पाणी पुरेना म्हणून मिळेल तिथून टँकर आणले. मी म्हटलं, "सर, अंथरूण पाहून पाय पसरा." ते म्हणाले, "मॅडम, मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" दिवाळीच्या आत होस्टेलमध्ये कावीळ पसरली. सपना नावाची एक पोरगी जळगावच्या दवाखान्यात मरणाच्या दारात होती, आणि सर त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून. ती वाचली. सर मात्र त्या पायरीवरून पुरते उठलेच नाहीत असं मला वाटतं. जेवण तुटलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे.

मग संघाच्या वरिष्ठांनी बजावलं. होस्टेलमध्ये मावतील तेवढीच मुलं घ्या, नाहीतर होस्टेल बंद. होस्टेल बंद म्हणजे कॉलेजही बंद, कारण आमची निम्मी मुलं तिथलीच. आणि फादरांना आम्ही आमच्या वृद्धाश्रमात घेऊन जातो, असंही ते म्हणाले. सरांनी हात जोडले. "त्यांना हलवू नका. तिथे त्यांच्या ओळखीचं कोणी नाही."

नंतर मी चिडून म्हटलं, "इथे तरी त्यांना कोण ओळखू येतं? तुम्ही येता का?"

सर रागावले नाहीत. टेबलावर डोकं टेकून रडू लागले. मी उठून दार लावून घेतलं. जीभ आवरता येत नाही ही माझी खोड, पण त्या दिवशी मला तिची फार लाज वाटली.

यंदा प्रवेश सुरू झाले तेव्हा सरांनी फाटकाजवळचा बाक उचलून मागे ठेवायला सांगितला. फादर आले, बाक दिसला नाही, तर मातीत बसले. लेकरं येतच होती, हात पडतच होता. कामिनीवहिनी, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाल्या, "घरात प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात हो. तिथेच कशी जीभ टाळ्याला चिकटते?"

शेवटी सरांनी ते केलं. फाटकात जमलेल्या आईबापांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "फादर आजारी आहेत. त्यांचा शब्द आता धरता येणार नाही. जागा भरल्या."

एकदम गलका झाला. "फादरच्या खुर्चीवर बसले, अन् फादरलेच खोटं पाडता!" एक जण ओरडला, "घरदार असलेल्या मानसाले काय माया राह्यते दुसऱ्याच्या पोराची?" फादर तिथेच मातीत बसून हे सगळं ऐकत होते. ते कोणाकडेच बघत नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रवेशाच्या कामासाठी सरांच्या खोलीत होते. समोर लताबाई बसलेली, डोंगराखालच्या गावची, मजुरी करणारी. शेजारी तिची मुलगी डिंपल आणि पत्र्याची पेटी. फादरांनी हात ठेवला होता म्हणून ती पेटी भरूनच आलेली. सर तिला पुन्हा पुन्हा सांगत होते की जागा नाही, आणि ती काही उठत नव्हती.

तेवढ्यात दारात फादर आले. ज्या दारातून ते जन्मभर मालकासारखे आत-बाहेर करत, तिथे बाहेरच थांबून त्यांनी हात जोडले.

"साहेब, मझार येऊ का?"

सर ताडकन उठले. फादर आत आले, पण बसायला तयार होईनात.

"माले समजनं, आते मन्हं चालत नही, तुमनं चालस," ते म्हणाले. "एकच काम शे. एक पोऱ्या शे, बोदवडना. त्याना बाप हमाल व्हता, मरी गया. पोऱ्या भलता हुशार शे, पन बोलत नही. त्यानी मायले मी शबद देयेल शे." मग त्यांचा आवाज खाली गेला. "तेवढा एक ठेवी ल्या, साहेब. मंग मी कोनलेच लयनार नही."

सरांचा चेहरा मला बघवेना. ते टेबलाला वळसा घालून पुढे आले, फादरांसमोर वाकले आणि म्हणाले, "ठेवून घेतला, फादर."

फादरांचा हात सवयीने त्यांच्या डोक्याकडे उठला. मग काहीतरी आठवल्यासारखं होऊन त्यांनी तो आपणच मागे घेतला. "देव भलं करो," एवढं म्हणून ते भिंतीला धरत निघून गेले.

लताबाई हे सगळं ऐकत होती. ती उभी राहिली. "हमालाच्या पोऱ्याले जागा निघाली, सर. मंग माह्या पोरीलेच काऊन नाही?"

मी बोलायला तोंड उघडलं. ज्या पोराची जागा ती मागत होती तो पोरगा तिच्यासमोरच उभा आहे, हे मला तिला सांगायचं होतं. सरांनी हाताने मला थांबवलं.

"ती शेवटची होती, बाई," ते म्हणाले. "दिली."

लताबाईने पेटीची एक कडी धरली, डिंपलने दुसरी, आणि दोघी बाहेर पडल्या.