खोटा विद्यार्थी

मी युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, नक्की काय शिकवते, हे मेलबर्नच्या पॉइंट कुकमधल्या आमच्या मराठी मंडळींना मी कित्येक वर्षं समजावून सांगते आहे, आणि ते दर वेळी नव्याने ऐकतात. विद्यार्थ्यांचं वर्गाबाहेरचं आयुष्य सांभाळणारी माणसं तयार करायचा हा मास्टर्सचा कोर्स आहे. होस्टेल चालवणारी, नव्या मुलांचं ओरिएंटेशन करणारी, कोर्स सोडून घरी निघालेल्याला खुर्चीत बसवून आधी त्याचं ऐकून घेणारी माणसं. मी तो शिकवते आणि चालवतेही, म्हणजे लेक्चर मी देते आणि प्रोजेक्टर बिघडला की फोनही मीच करते. हे सगळं सांगून झालं की एखादे काका हमखास म्हणतात, "म्हणजे रेक्टर व्हायचा कोर्स! आमच्या वेळी रेक्टरला फक्त खाकरता यावं लागायचं."

सगळ्यात मोठ्याने हसणारा माझा नवरा. तो नागपूरचा, मी पुण्याची, त्यामुळे चेष्टेला विषय कमी नाहीत, पण माझी नोकरी हा त्याचा खास आवडता. तो स्वतः पाण्याच्या पाइपलाइनींचा इंजिनिअर आहे.

"माझी पाइप फुटली तर निम्म्या सबर्बचे नळ कोरडे," तो म्हणायचा. "तुमच्याकडे काय फुटतं?"

"मुलं फुटतात. रडू फुटतं."

"मग रुमाल द्या ना. त्याला मास्टर्स कशाला?"

आम्ही दोघंही इथे विद्यार्थी म्हणूनच आलो. मी मेलबर्नला, तो सिडनीत. तिथल्या गिरावीन उपनगरात एका घरात मुलांची गर्दी करून तो राहायचा, आणि त्या घराच्या गोष्टी प्रत्येक बार्बेक्यूला निघतात. जळालेली खिचडी, हिटर नसलेला हिवाळा, रेस्टॉरंटमध्ये सोललेले कांदे. त्या गोष्टींत तो कधीच हरत नाही. कांदेसुद्धा त्याने सोलले की ते शेफला आवडायचे.

माझ्या कोर्समध्ये एक प्रॅक्टिकल असतं. एक जण अडचणीतला विद्यार्थी होतो, दुसरा सल्लागार म्हणून त्याच्याशी बोलतो, आणि बाकीचा वर्ग बघतो. विद्यार्थ्याच्या भूमिकेसाठी मी नाटक शिकणाऱ्या एका मुलीला बोलावते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नेमकी प्रॅक्टिकलच्या सकाळी तिला फ्लू झाल्याचा मेसेज आला. मी किचनमध्ये डोक्याला हात लावून उभी. नवऱ्याला त्या दिवशी जास्तीच्या तासांच्या बदल्यात सुट्टी होती. टोस्टवर लोणचं लावत तो म्हणाला, "मी येतो की. रडायचंच आहे ना? त्यात काय!"

दुसरा कुणी मिळणं शक्यच नव्हतं. गाडीत मी त्याला भूमिका सांगितली. पहिल्या वर्षाचा परदेशी विद्यार्थी आहेस, क्लासला येणं कमी झालंय, म्हणून सल्लागाराने बोलावलंय. बाकीचं तू ठरव, पण ओव्हरॲक्टिंग करू नकोस. त्याने होकार दिला. अंगात हुडी होतीच, आणि लेकीची बिल्ले लावलेली बॅकपॅक त्याने मला न विचारता आणली होती. पंचेचाळिशीतला, पोट सुटलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी माझ्या वर्गात शिरला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो माझा नवरा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच्यासमोर सल्लागार म्हणून बसला होता माझा एक विद्यार्थी. खेड्यातून आलेला, पूर्वीचा फुटीचा, म्हणजे इथल्या फुटबॉलचा कोच, दाराएवढा माणूस. मनाने लोणी, पण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उपाय सांगून मोकळा. "नो वरीज मेट, आपण असं करू या!" आदल्या आठवड्यात एका मुलीने "माझी आजी…" एवढंच म्हटलं तर याने तिला विमानाच्या तिकिटांची वेबसाइट सांगितली होती. आजी वारली नव्हती, ती मेलबर्नला यायची होती. मी त्याला बजावलं होतं, आज उपाय नाही, फक्त ऐक. म्हणून बिचारा स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता. अक्षरशः, तळवे मांड्यांखाली दाबून.

नवऱ्याने सुरुवात अपेक्षेप्रमाणे भयंकर केली. डोळे चोळले, नाक ओढलं, आईच्या वरणाची आठवण काढून कोरडा हुंदका दिला. मागच्या रांगेत खुसखुस झाली. कोच गप्प. नवऱ्याने थंडीबद्दल तक्रार केली. कोच मान हलवून गप्प. मग शांतता पसरली. आमच्या घरात शांतता फक्त इंटरनेट गेल्यावर पडते, दोन मिनिटं. नवऱ्याला तिची सवयच नाही. त्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी कार्पेटकडे पाहिलं.

"मी नापास झालोय," तो म्हणाला. "दोन विषयांत. आणि घरी सांगितलंय, पास झालो."

आवाज वेगळा होता. हुंदका नव्हता, नाक ओढणं नव्हतं.

"घरचे काय म्हणाले?" कोचने विचारलं.

"बाबांनी विहारात संत्राबर्फी वाटली. आमच्या वस्तीतून परदेशात शिकायला आलेला मी पहिलाच ना. सगळे फोनवर अभिनंदन करत होते आणि मी थँक्यू म्हणत होतो."

विहार आणि संत्राबर्फी मी दिलेल्या भूमिकेत नव्हती.

तो बोलत राहिला. घरात सोबत राहणाऱ्या मुलांना कळू नये म्हणून तो रोज लायब्ररीत जाऊन बसायचा. अभ्यास व्हायचा नाही. फोन वाजला की छातीत धडधडायचं, म्हणून फोन बॅगेत तळाशी ठेवायचा आणि रविवारी एकदाच आनंदी आवाज काढून बोलायचा. कोचने एकदाही त्याला तोडलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, हात अजून मांड्यांखालीच होते.

"सांगायचं ठरवलंस," शेवटी कोच हळूच म्हणाला, "तर आधी कुणाला सांगशील?"

"बायकोला," नवरा म्हणाला. मग दचकून, "म्हणजे, असती तर."

वर्ग हसला. टाळ्या पडल्या. नंतरच्या चर्चेत एक मुलगी म्हणाली की ते बायकोचं वाक्य जीनियस होतं, इतकं नैसर्गिक. नवऱ्याने मान झुकवून कौतुक स्वीकारलं. खुर्च्या लावता लावता कोच माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "ते नाटक नव्हतं ना?"

"तुला आज पूर्ण मार्क," मी म्हणाले.

परतताना गाडी तोच चालवत होता. फ्रीवेवर ट्रॅफिक तुंबला होता. शेवटी मी विचारलं, "कुठले विषय?"

"जाऊ दे ना."

"सांग की."

"फ्लुइड मेकॅनिक्स."

"म्हणजे पाण्याचाच?"

"पाण्याचाच."

मी ओठ चावून धरले. "आणि दुसरा?"

त्याने इंडिकेटर दिला, लेन बदलली. "कम्युनिकेशन स्किल्स."

मग मला आवरेना. मी इतकी हसले की शेजारच्या पिकअप गाडीतल्या कामगाराने वळून पाहिलं. नवरा आधी फुगला, मग त्याचंही पोट हलायला लागलं. हसू ओसरल्यावर मी विचारलं, "मला कधी का नाही सांगितलंस?"

"तू लगेच उपाय सांगतेस," तो म्हणाला. "तू ज्याच्या तक्रारी सांगतेस त्या कोचसारखी. फक्त हातांवर बसत नाहीस."

सतरा उत्तरं जिभेवर आली, पण मी तळवे मांड्यांखाली सरकवले. आपल्याच विषयात नापास झालेली मी दुसरी.

रविवारी त्याने नागपूरला फोन लावला. सासरे पोस्टातून रिटायर झालेले. फोन कायम स्पीकरवर, कारण सासूबाईंना मागून दुरुस्त्या करायच्या असतात.

"बाबा, एक सांगायचं होतं. मी तेव्हा पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झालो होतो. तुम्हांला पास म्हणून सांगितलं."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"आता नोकरी हाये ना?" सासरे म्हणाले.

"आहे."

"सायबानं इचारलं का काही?"

"नाही बाबा, कुणी विचारलं नाही. मीच सांगतोय."

"मग आता काहून सांगून राहिला बाप्पा? इतक्या वर्षांनी कोणी सांगते का?"

फोनची ओढाताण झाल्यासारखं वाटलं आणि सासूबाईंचा आवाज जवळ आला. "तवा रडला होता का रे?"

"हो."

"मंग तवाच फोन करायचा ना, बाबू."

मी उपाय सांगितला नाही, फक्त त्याच्या शेजारी जाऊन बसले. तेवढ्यात पलीकडून, फोनपासून दूर गेलेल्या माणसाचा आपल्या मते हळू असलेला आवाज स्पष्ट ऐकू आला, "मी मॅट्रिकले दोनदा बसलो, हे त्याले सांगजो नको हं."

"बाबा, स्पीकर चालू आहे," नवरा म्हणाला. पलीकडे सासूबाई पदर तोंडात धरून हसत असणार. मग बाप-लेक मॅट्रिकचं गणित किती अन्यायाने काढलं होतं यावर तासभर बोलले. एवढं लांब ते एरवी फक्त क्रिकेटवर बोलतात.

आमची लेक जिन्यात बसून सगळं ऐकत होती. फोन संपल्यावर खाली येऊन शांतपणे म्हणाली, "सो इट्स जेनेटिक. कूल. बाय द वे, आय गॉट अ डी इन केमिस्ट्री." आम्ही दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि एकमेकांकडे बघून मिटलं. ती वाट बघत उभी राहिली. मग आपण होऊन खुर्ची ओढून बसली आणि केमिस्ट्रीच्या टीचरबद्दल बोलायला लागली. बरंच बोलली.

कोच आता एका लहान गावातल्या युनीच्या होस्टेलवर आहे. मुलं त्याच्या खोलीत येऊन बसतात असं तो लिहितो. नवरा अजूनही माझ्या नोकरीची चेष्टा करतो, पण काकांनी रेक्टरचा विनोद काढला की विषय बदलतो. आणि नाटकवाली मुलगी बरी होऊन केव्हाच परत आली असली, तरी दर सेमिस्टरला तो मला विचारतो, यंदा कुठली भूमिका आहे. या वेळी त्याला वसतिगृहात रूममेटशी भांडलेला, रागीट विद्यार्थी करायचा आहे. डायलॉगही लिहून ठेवलेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.